सरासरीचे माप आणि समोरचा रुग्ण

सोलापूरच्या पूर्व भागात दिवसभर सुपासमोर बसून विड्या वळणाऱ्या एखाद्या बाईला मधुमेहाचे निदान सांगितले, की ती हमखास विचारते, ‘मी एवढी वाळकी, मला शुगर कशी झाली?’ हा प्रश्न अज्ञानातून येत नाही. वैद्यकाने दीर्घकाळ उराशी बाळगलेल्या, उंची-वजनाच्या एका मापाच्या उणिवेवर तो नेमके बोट ठेवतो.

बेल्जियमचा खगोलशास्त्रज्ञ अ‍ॅडॉल्फ केटले याने 1835 मध्ये ‘सरासरी माणसा’ची कल्पना मांडली. ग्रहताऱ्यांच्या निरीक्षणांतील चुका ज्या गणिताने सावरत, तेच गणित त्याने माणसांच्या उंची-वजनाला लावले आणि प्रौढांचे वजन ढोबळमानाने उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, असे त्याला आढळले. लठ्ठपणा किंवा रोग हा त्याचा विषय नव्हता. त्याला समाजाचे नियम शोधायचे होते. पुढे 1868 मध्ये लाइपझिगच्या कार्ल वुंडरलिश याने सुमारे 25 हजार रुग्णांच्या काखेतील तापमानाच्या नोंदींवरून 37 अंश सेल्सियस ही निरोगी शरीराची खूण ठरवली, आणि आकड्याला निदानाचे वजन आले.

केटलेच्या या सूत्राला, म्हणजे किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणाऱ्या आकड्याला, ‘बॉडी मास इंडेक्स’ हे नाव अमेरिकेतील अ‍ॅन्सेल कीज व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1972 मध्ये दिले; त्यांची मोजमापे पुरुषांचीच होती. 25 च्या पुढे वजन जास्त आणि 30 च्या पुढे लठ्ठपणा या मर्यादा नंतर जगभर रूढ झाल्या, पण त्यांना आधार होता तो मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांवरील अभ्यासांचा. ही मापे ज्यांची कधी घेतलीच नव्हती, त्यांनाही ती लागू झाली.

या गृहीतकाला मोठा धक्का पुण्यातून बसला. मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1990 च्या दशकात पुणे परिसरातील खेड्यांत माता आणि बालकांचा जो अभ्यास सुरू केला, त्यात तेथील बाळांचे जन्मवजन सरासरी 2.7 किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे 3.5 किलो भरले. मात्र स्नायू आणि पोटातील अवयव जितके लहान होते, तितकी त्वचेखालची चरबी कमी नव्हती. 2004 मध्ये त्यांनी जॉन युडकिन या ब्रिटिश सहकाऱ्यासोबतचे स्वतःचे छायाचित्रच प्रसिद्ध केले. दोघांचा बॉडी मास इंडेक्स 22.3 होता, पण शरीरातील चरबी युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के होती. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने जुन्या मर्यादा कायम ठेवून आशियाई लोकांसाठी 23 आणि 27.5 हे सावधगिरीचे टप्पे सुचवले, आणि 2009 मध्ये भारतीय तज्ज्ञांनी जास्त वजनाची रेषा 23 वर, तर लठ्ठपणाची 25 वर आणली.

यावरून प्रमाणित उपचार निरुपयोगी ठरतात, असे म्हणणे अन्यायाचे होईल. क्षयरोगाचा राष्ट्रीय कार्यक्रम खेड्यापाड्यांत पोहोचला, तो औषधांच्या ठरलेल्या साच्यामुळेच. तरीही त्या साच्यात प्रौढांना जवळपास एकच मात्रा आठवड्यातून तीनदा मिळे; 2017 पासून देशभर रोजचे औषध आणि वजनगटानुसार मात्रा आली. आयसोनियाझिड हे त्यातलेच औषध काहींच्या शरीरातून भराभर निघून जाते, तर काहींच्या शरीरात रेंगाळते, आणि हा फरक आनुवंशिक असतो, हे तर 1950 च्या दशकापासून ठाऊक होते. माहिती हाती असूनही ती रुग्णापर्यंत इतक्या उशिरा पोहोचावी, ही मला या इतिहासातील सर्वांत खटकणारी गोष्ट वाटते.

‘पुरुषं पुरुषं वीक्ष्य’, म्हणजे माणूस पाहून औषध योजावे, असे चरकसंहिता सांगते. त्या वैद्याकडे माणूस होता, पण हजारो माणसांच्या नोंदी नव्हत्या. आजच्या बाह्यरुग्ण विभागात नोंदी आहेत, पण एका रुग्णासाठी मिळणारी मिनिटे मोजकी असतात. विड्या वळणाऱ्या त्या बाईच्या बाबतीत मात्र फार वेळही लागत नाही. वजनकाट्यावरून उतरल्यावर तिच्या कमरेला टेप लावायची: भारतीय स्त्रियांसाठी धोक्याची रेषा 80 सेंटिमीटरला आहे, आणि हातपाय काटकुळे असतानाही ती ओलांडलेली असू शकते.