डान्स क्लब चार्टवर पहिला क्रमांक म्हणजे सर्वाधिक खप नव्हे

बिलबोर्ड या अमेरिकन संगीत-साप्ताहिकाच्या डान्स क्लब चार्टवर पहिलं आलेलं गाणं सगळ्यात जास्त खपलं, असं सर्रास सांगितलं जातं. ते चूक आहे. तिथे विक्री मोजलीच जात नसे. कोणत्या गाण्यांवर गर्दी जास्त नाचली, हे निवडक क्लबांतले डीजे दर आठवड्याला क्रमाने कळवत; त्यावरून चार्ट बने. साहजिकच रेकॉर्ड कंपन्यांचा सगळा जोर डीजेंवर. १९७५ मध्ये न्यूयॉर्कला ‘रेकॉर्ड पूल’ सुरू झाला: डीजेंना नव्या रेकॉर्ड फुकट, बदल्यात त्यांनी अभिप्राय द्यायचा. पुढे एकाच गाण्याचे अनेक रीमिक्स धाडले जाऊ लागले. हाऊस आणि ट्रान्स या नृत्यसंगीताच्या दोन शैली; हाऊसवाला डीजे एक रीमिक्स वाजवी, ट्रान्सवाला दुसरा. नोंद मात्र एकाच गाण्याच्या खात्यात. म्हणूनच बिलबोर्डच्या मुख्य चार्टमध्ये, हॉट १०० मध्ये, न दिसलेली गाणीही इथे अव्वल येत. याला फसवणूक म्हणणं अन्यायाचं आहे; फ्लोअरवर काय चालतं, हे खपाच्या आकड्यांतून कळतच नाही. मार्च २०२० मध्ये कोविडमुळे क्लब बंद झाले, आणि चार्टही थांबला.