‘हा आमच्यावर राजा नको’: मोहरांच्या दाखल्यामागचा इतिहास

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात (अध्याय १९) येशूने सांगितलेला मोहरांचा दाखला, म्हणजे बोधकथा, आपण बहुधा दहा दासांपुरताच ऐकतो: धनी प्रत्येकाला व्यापारासाठी एकेक मोहर देऊन जातो आणि परतल्यावर हिशेब मागतो. मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या तशाच दाखल्याशी त्याची सरमिसळ होते, आणि लूकनेच सांगितलेली एक गोष्ट निसटते. एक उमराव राज्यपद मिळवायला दूर देशी जातो. नगरातले लोक त्याच्या पाठोपाठ वकील धाडून कळवतात, हा आमच्यावर राजा नको.

येशूचं ऐकणाऱ्यांना ही गोष्ट ओळखीची होती. इ.स.पू. ४ मध्ये यहुदियाचा राजा हेरोद यरीहोत मेला. त्याचा मुलगा अर्खेलाव याने पहिल्याच वल्हांडणात (यहुदी सणात) यरुशलेमच्या मंदिरात सैन्य घातलं. इतिहासकार योसेफस मृतांचा आकडा ३,००० देतो. मग राज्यावर शिक्कामोर्तब करून घ्यायला अर्खेलाव रोमला, सम्राट ऑगस्टसकडे गेला. मागोमाग ५० यहुदी विरोध करायला पोहोचले, आणि रोममधले ८,००० त्यांना मिळाले. ऑगस्टसने त्याला निम्मं राज्य दिलं, ‘राजा’ ही पदवी मात्र दिली नाही. परतल्यावर त्याने यरीहोतला वाडा थाटात पुन्हा बांधला. येशूने हा दाखला सांगितला तो यरीहोहून यरुशलेमकडे जाताना.

इथेच अर्थ लावणं अवघड होतं. अर्खेलावला नाकारणारे चुकले होते, असं कोण म्हणेल? त्यामुळे दाखल्यातला राजा देव नव्हेच, असंही काही अभ्यासक मानतात. मला ते पटत नाही. देवाचं राज्य आता लगेच प्रकट होणार असं लोकांना वाटत होतं, म्हणून हा दाखला सांगितला, असं लूक सुरुवातीलाच लिहितो. येशूने अर्खेलावचा स्वभाव घेतलेला नाही. राजाचं दूर जाणं, मधला काळ आणि परत येणं एवढंच घेतलं आहे. प्रश्न त्या मधल्या काळाचा आहे, धनी नजरेआड असताना त्याला कोण आपला मानतो याचा.

म्हणून मोहर रुमालात बांधून ठेवणारा दास मला त्या वकिलांच्या जवळचा वाटतो. लूकने रुमालासाठी वापरलेल्या ग्रीक शब्दाचं मूळ घाम पुसायच्या फडक्यात आहे. ज्याने घाम टिपायचा, त्यातच मोहर गुंडाळलेली. वकील उघड ‘नको’ म्हणाले. हा दास तोंडाने ‘महाराज’ म्हणत राहिला, पण हात हलवला नाही.

अर्खेलावचं पुढे काय झालं? इ.स. ६ मध्ये प्रजेच्या तक्रारींवरून ऑगस्टसने त्याला गॉलमध्ये हद्दपार केलं आणि यहुदियावर थेट रोमी सुभेदार नेमले. दाखला सांगून येशू यरुशलेमला पोहोचला, तेव्हा त्या जागेवर पंतय पिलात होता.