कार्डावरचा सगळ्यात बारीक आकडा

एसडी कार्ड २४ मिलिमीटर रुंद आणि ३२ मिलिमीटर उंच. त्यावरच्या स्टिकरवर सात-आठ खुणा कोंबलेल्या असतात. बाजारात सहज मिळणारं एखादं ६४ जीबीचं कार्ड हातात घ्या. मधोमध ठसठशीत टायपात १७० एमबी प्रति सेकंद. खाली ६४ जीबी. आजूबाजूला एक्ससी (३२ जीबीहून मोठ्या कार्डांची खूण), रोमन एक, इंग्रजी यू अक्षराच्या पोटात ३, अर्धवट वर्तुळात १०, ए२ आणि एका कोपऱ्यात, चाळिशी ओलांडलेल्यांना चष्म्याशिवाय दिसणार नाही इतकं बारीक, व्ही३०. दुकानदार १७० वर बोट ठेवतो, गिऱ्हाईकही तेच बघतं. व्हिडिओसाठी कार्ड घेणाऱ्याचा संबंध मात्र त्या कोपऱ्यातल्या व्ही३० शी आहे.

१७० हा वाचण्याचा वेग आहे. म्हणजे कार्डावरची माहिती संगणकात उतरवताना, तीही सगळं जुळून आलं तर, मिळणारा. रोमन एकची खूण सांगते की हे कार्ड यूएचएस-१ जातीचं आहे, आणि या जातीच्या जोडणीची प्रमाणित कमाल मर्यादा सेकंदाला १०४ एमबी आहे. मग १७० कुठून आले? काही कंपन्यांनी स्वतःच्या कार्ड-रीडरपुरती खास तजवीज करून हा वेग वाढवलेला असतो. तुमच्या कॅमेऱ्याला ती तजवीज ठाऊक नसते. आणि कॅमेऱ्याला कार्डावर लिहायचं असतं, वाचायचं नसतं. लिहिण्याचा वेग बहुतेक कार्डांवर छापलेलाच नसतो. छापला तरी तो कमाल असतो, आणि व्हिडिओला कमालीशी देणंघेणं नाही.

फोटो काढताना कॅमेरा एका दमात दहा-वीस चित्रं टिपतो, ती आपल्या आतल्या तात्पुरत्या स्मृतीत, म्हणजे बफरमध्ये, ठेवतो आणि सवडीने कार्डावर उतरवतो. कार्ड संथ असेल तर पुढच्या फोटोसाठी क्षणभर थांबावं लागतं, एवढंच. व्हिडिओ म्हणजे नळाला पाणी आलंय आणि खाली एकच बादली आहे अशी गत. बादली ज्या वेगाने रिकामी होईल त्यावर सगळं अवलंबून, कारण नळ काही थांबणार नाही. कॅननच्या अनेक डीएसएलआर कॅमेऱ्यांत, म्हणजे आत आरसा असलेल्या, भिंग बदलता येणाऱ्या फोटो-कॅमेऱ्यांत, हे डोळ्यांनी दिसतं. कार्ड मागे पडू लागलं की पडद्याच्या उजव्या कडेला पाच पायऱ्यांची एक उभी पट्टी उमटते. ती वर चढू लागली की समजायचं, बफर भरत चाललाय. पाचवी पायरी भरली की चित्रण आपोआप बंद. लग्नात ही पट्टी कधी चढायची शक्यता सर्वाधिक असते, याचं उत्तर मजेशीर आहे. ते पुढे येईलच.

फोटोच्या कॅमेऱ्यावर व्हिडिओ घेण्याची ही सोय तशी अलीकडची. ऑगस्ट २००८ मध्ये निकॉनने डी९० आणला, तो व्हिडिओ घेऊ शकणारा पहिला डीएसएलआर. ७२० ओळींचं चित्र, सेकंदाला २४ फ्रेम आणि एका वेळी जास्तीत जास्त पाच मिनिटं. पुढच्याच महिन्यात कॅननने ५डी मार्क टू जाहीर केला. यात पूर्ण १०८० ओळी होत्या, आणि सिनेमाच्या फिल्मच्या चौकटीहूनही मोठा सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारी चिप. मागची पार्श्वभूमी मऊ, धूसर करून माणूस तेवढा उठून दिसण्याची जी करामत पूर्वी महागड्या सिने कॅमेऱ्यांनाच जमे, ती खांद्यावरच्या झोळीत मावू लागली. २०१० मध्ये एका गाजलेल्या अमेरिकन मालिकेचा एक अख्खा भाग या कॅमेऱ्यावर चित्रित झाला. आपल्याकडे खांद्यावर मोठा कॅमेरा आणि हातात भगभगीत हॅलोजन घेऊन फिरणारे व्हिडिओवाले काही वर्षांत दिसेनासे झाले, त्यामागेही हेच कॅमेरे आणि त्यांचे भाऊबंद आहेत.

आता थोडं गणित. १०८० ओळींच्या एका फ्रेममध्ये सुमारे २०.७ लाख बिंदू असतात. प्रत्येक बिंदूला लाल, हिरवा, निळा असे तीन बाइट धरले तर एक फ्रेम ६.२ एमबीची. सेकंदाला २५ फ्रेम म्हणजे १५५ एमबी. फोर-केमध्ये बिंदू चौपट, म्हणजे सेकंदाला ६२२ एमबी. हे जसंच्या तसं साध्या एसडी कार्डावर लिहिणं शक्यच नाही. म्हणून कॅमेरा आधी आकुंचन करतो. मंगल कार्यालयाची मागची भिंत, फुलांची आरास, गुरुजींचा पाट हे फ्रेमगणिक बदलत नाही. तेव्हा कॅमेरा एक फ्रेम पूर्ण साठवतो आणि पुढच्या काही फ्रेमपुरतं फक्त काय हललं तेवढंच लिहितो. फोर-केची बरीच कॅमेऱ्यांतली नेहमीची सेटिंग सेकंदाला १०० मेगाबिटची असते. इथे मेगाबिट आणि मेगाबाइट यांत हमखास गल्लत होते. कॅमेऱ्याची कंपनी बिटमध्ये बोलते, कार्डाची कंपनी बाइटमध्ये. एका बाइटचे आठ बिट, म्हणून १०० ला ८ ने भागा, १२.५ एमबी. कुठे ६२२ आणि कुठे साडेबारा!

पण ही युक्ती चित्र स्थिर असेपर्यंतच झकास चालते. ‘शुभमंगल सावधान’ झालं, अंतरपाट दूर झाला आणि दोनशे माणसांनी एकदम अक्षता उधळल्या की फ्रेममधला जवळपास प्रत्येक बिंदू बदलतो. कुठला दाणा कुठून कुठे गेला याचा हिशोब आकुंचन करणाऱ्या यंत्रणेला जमत नाही. मागच्या फ्रेममधून उसनं घेण्यासारखं काही उरत नाही, आणि ज्या कॅमेऱ्यांत डेटाचा दर चित्रानुसार कमी-जास्त होतो त्यांत तो थेट वरच्या टोकाला जातो. कार्डावरचा भार सर्वाधिक असतो तो नेमका याच दहा-पंधरा सेकंदांत. पुन्हा घ्या म्हणून सांगता येईल असा हा प्रसंगही नव्हे.

कार्ड तरी का अडखळतं, हे कळायला आत डोकवावं लागेल. ही नँड फ्लॅश स्मृती. तोशिबात काम करणाऱ्या फुजिओ मासुओका यांनी १९८७ मध्ये ती जगापुढे मांडली. तिच्यातल्या प्रत्येक सूक्ष्म पेशीत थोडा विद्युतभार कोंडून ठेवलेला असतो आणि तो किती आहे यावरून बिट ओळखले जातात. गोम अशी की लिहिणं आणि पुसणं यांचं माप इथे वेगळं आहे. लिहिताना काही किलोबाइटचं एक पान लिहिता येतं, पण पुसायचं तर असंख्य पानांचा अख्खा ठोकळाच पुसावा लागतो, आणि तो कित्येक एमबींचा असू शकतो. त्या ठोकळ्यात तुमचे चार जुने फोटो असले तर आधी ते दुसरीकडे हलवायचे, मग ठोकळा पुसायचा, मग नवं लिहायचं. कार्डाच्या आतला चिमुकला नियंत्रक हे सगळं गुपचूप करत असतो. तेवढा वेळ लिहिण्याचा वेग कोसळतो.

त्यात स्वस्ताईचा आणखी एक हिशोब. आजच्या पुष्कळ कार्डांत एका पेशीत तीन बिट बसवलेले असतात. म्हणजे भाराच्या आठ वेगवेगळ्या पातळ्या अचूक साधायच्या, आणि ते वेळखाऊ काम आहे. म्हणून काही कार्डं सुरुवातीचा डेटा झटपट, एका पेशीत एकच बिट असा लिहून घेतात आणि नंतर नीट लावतात. ती झटपट जागा संपली की मूळ चाल उघडी पडते. दुकानातल्या अर्ध्या मिनिटाच्या चाचणीत कार्ड धावतं आणि विसाव्या मिनिटाला धापा टाकतं, ते यामुळे.

आता व्ही३० चा अर्थ लागेल. हा किमान वेग आहे. एसडी कार्डांची मानकं ठरवणाऱ्या एसडी असोसिएशनने २०१६ मध्ये व्हिडिओसाठी ही वेगळी श्रेणी आणली. व्ही३० म्हणजे सलग लिहिताना वेग सेकंदाला ३० एमबीच्या खाली जाणार नाही, व्ही६० म्हणजे ६० च्या, व्ही९० म्हणजे ९० च्या. यू३ चा अर्थही ३० च, आणि वर्तुळातला १० म्हणजे १०. ए२ ही खूण मोबाइलमध्ये ॲप चालवण्यासाठीची, कॅमेऱ्याला तिचा उपयोग शून्य. तिचे जादा पैसे मोजू नका.

मग १०० मेगाबिटच्या फोर-केला, म्हणजे साडेबारा एमबीला, व्ही३० दुपटीहून जास्त पुरतं. व्ही९० हवं असं जे छातीठोकपणे सांगितलं जातं, ते बहुतेकांच्या बाबतीत पैसे पाण्यात घालणं आहे. वरचं कार्ड लागतं ते प्रत्येक फ्रेम स्वतंत्रपणे पूर्ण साठवणाऱ्या सेटिंगला. पॅनासोनिकच्या जीएच५ कॅमेऱ्यात ती ४०० मेगाबिटची आहे, म्हणजे ५० एमबी, तिथे व्ही६० शिवाय गत्यंतर नाही. यूएचएस-२ या अधिक वेगवान जातीच्या कार्डाच्या पाठीवर सोनेरी पट्ट्यांची दुसरी रांग असते. कॅमेऱ्याच्या खाचेत त्या रांगेला टेकणारी जोडणीच नसेल तर ते महागडं कार्ड यूएचएस-१ च्या चालीनेच चालणार. कॅमेऱ्याचं मॅन्युअल उघडून कार्डाचा तक्ता बघायला दोन मिनिटं लागतात. दुकानदाराला विचारण्याऐवजी तेवढं करावं.

किमान वेगाच्या या हमीला एक अट आहे. कार्डावर सलग मोकळी जागा हवी. मधलेच पाच-पन्नास फोटो वेचून उडवले की जागा तर सुटते, पण भोकाभोकांची. अशा कार्डावर व्ही३० ची खूण असून नसल्यासारखी. म्हणून दर कामाआधी कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करायचं, अर्थात जुनं काम दोन ठिकाणी उतरवून झाल्यावर. संगणकावरचं फॉरमॅट कार्डाच्या ठोकळ्यांच्या मापाशी जुळेलच असं नाही. संगणकावरच करायचं असेल तर एसडी असोसिएशनचं स्वतःचं मोफत सॉफ्टवेअर आहे, ते वापरावं.

सेटिंग बघताना एक गोष्ट आणखी बघा, तिचा कार्डाशी संबंध नसला तरी. मेनूत पाल (सेकंदाला २५ फ्रेमची पद्धत) की एनटीएससी (३० फ्रेमची) असा पर्याय असतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइट आणि बरेच साधे एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा मिणमिणतात. पाल, २५ फ्रेम आणि शटर १/५०, म्हणजे प्रत्येक फ्रेमसाठी सेकंदाचा पन्नासावा भाग उजेड आत, असं ठेवलं की प्रत्येक फ्रेमवर बरोबर दोन मिणमिण पडतात आणि उजेड एकसारखा येतो. अमेरिकेतल्या व्हिडिओंत बघून ३० फ्रेम आणि १/६० ठेवलं की हिशोब पावणेदोनच्या आसपास अडकतो आणि अख्खं कार्यालय लुकलुकताना दिसतं.

क्षमतेचंही बोलू. साडेबारा एमबी म्हणजे मिनिटाला ७५० एमबी, तासाला ४५ जीबी. ६४ जीबीत जेमतेम ८५ मिनिटं. ३२ जीबीपर्यंतची कार्डं फॅट३२ पद्धतीने मांडलेली असतात आणि तिथे एक फाइल ४ जीबीच्या पुढे जाऊ शकत नाही, त्यामुळे कॅमेरा साधारण पावणेसहा मिनिटांनी नवी फाइल सुरू करतो. ६४ जीबी आणि त्यावरच्या कार्डांत एक्सफॅट असतं, तिथे ही अडचण नाही. जुन्या कॅमेऱ्यांत २९ मिनिटं ५९ सेकंदांनी चित्रण थांबतं, ते मात्र कार्डामुळे नाही. युरोपीय संघाच्या आयात शुल्काच्या नियमांत ३० मिनिटं सलग चित्रण करणारा कॅमेरा व्हिडिओ कॅमेरा ठरत असे आणि त्यावर जादा शुल्क लागे. कंपन्यांनी एक सेकंद वाचवून ते टाळलं, आणि त्याचा भुर्दंड साताऱ्या-सांगलीच्या लग्नांनी भरला!

माझं मत विचाराल तर एका २५६ ऐवजी १२८ जीबीची दोन कार्डं घ्यावीत. कॅमेऱ्याला दोन खाचा असतील तर दोन्हींवर एकाच वेळी तेच चित्रण होऊ द्यावं. आणि लांबलचक विधी एकाच फाइलमध्ये घेऊ नये. याला कारण आहे. एमपी४ किंवा एमओव्ही फाइलमध्ये कुठली फ्रेम कुठे आहे याची सूची सहसा शेवटी, चित्रण थांबवल्यावर लिहिली जाते. त्याआधीच बॅटरीने मान टाकली किंवा कोणी कार्ड ओढून काढलं तर फाइल कित्येक जीबींची दिसते, पण चालत नाही. चित्रं आत शाबूत असतात, सूची तेवढी नसते. अशा वेळी त्या कार्डावर पुढे काहीही घेऊ नका. काही कॅमेरे पुन्हा सुरू केल्यावर दुरुस्ती करू का असं स्वतःच विचारतात. नाहीतर त्याच कॅमेऱ्याची, त्याच सेटिंगची एखादी धड फाइल नमुना म्हणून देऊन सूची नव्याने बांधणारी सॉफ्टवेअर्स मिळतात.

कार्डाच्या डाव्या कडेचं ते पिटुकलं लॉकचं बटणही बघून ठेवा. त्याचा आतल्या चिपशी कसलाही संबंध नसतो. ते कुठे सरकलंय हे कॅमेऱ्याची खाच चाचपून बघते, बस्स. ते ढिलं होऊन किंवा तुटून ‘कार्ड लॉक आहे’ असा निरोप यायला लागला तर त्या जागी सेलोटेपचा लहानसा तुकडा चिकटवला की काम भागतं. लग्नाच्या व्हिडिओवाल्याने बॅगेत सेलोटेप ठेवावा तो यासाठीही.

शेवटचा धोका नकली कार्डांचा. आत १६ जीबीची चिप आणि नियंत्रकाला सांगून ठेवलेलं असतं की विचारलं तर २५६ म्हण. संगणकही ते मान्य करतो. १६ जीबी भरेपर्यंत सगळं सुरळीत चालतं. त्यापुढचं लिहिलेलं हरवतं किंवा आधीच्या चित्रणावरच चढतं, आणि फाइलींची नावं मात्र यादीत ओळीने दिसत राहतात. नुसतं बघून हे ओळखता येत नाही. एच२टेस्टडब्ल्यू किंवा एफ३ ही मोफत सॉफ्टवेअर्स अख्खं कार्ड ओळखीच्या डेटाने भरतात आणि तो परत वाचून ताडून बघतात. चाचणीआधी कार्ड रिकामं हवं. २५६ जीबीच्या कार्डाला यासाठी साधारण दोन तास लागतात, म्हणून कार्ड आणल्या दिवशीच लॅपटॉपला लावून जेवायला बसावं, म्हणजे परत करायची मुदत हातात असते.