एका मशरूमने डिप्रेशन कायमचं जातं का?

फॉरवर्ड असा असतो: "मॅजिक मशरूम एकदा खा, डिप्रेशन कायमचं जाईल. नैसर्गिकच आहे." नागपुरात पावसाळ्यात बाजारात सात्या (खायचे रानमशरूम) दिसू लागल्या की असले मेसेज जरा जास्तच खरे वाटतात.

पटण्यासारखं त्यात काहीतरी आहेही. मॅजिक मशरूममधल्या सायलोसायबिन या भास घडवणाऱ्या रसायनावर चाचण्या चालू आहेत, काही रुग्णांना आराम पडलाय. पण तिथे डोस मोजून दिलेला असतो. आधी थेरपिस्टसोबत बैठका, मग डोळ्यांवर पट्टी बांधून सहा-आठ तास पडून राहायचं, शेजारी प्रशिक्षित माणसं. नंतर पुन्हा बोलणं. स्वतःला किंवा घरात कुणाला सायकोसिस (भास-भ्रम होणारा आजार) वा बायपोलर (मूड टोकाचा वर-खाली होणारा आजार) असेल, तर चाचणीत सहसा घेतच नाहीत. फॉरवर्डमधून नेमकं हेच गळतं. आणि आराम पडलेल्यांपैकी काहींचा त्रास परत येतो.

पडताळायचंय? चाचण्यांच्या सार्वजनिक नोंदी ऑनलाइन फुकट वाचता येतात. त्यात 'कोणाला वगळलं' हा भाग आधी बघा. नैसर्गिक म्हणाल, तर जीवघेणे मशरूमही नैसर्गिकच. शिवाय भारतात सायलोसायबिन १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांविरोधी कायद्याखाली येतं, नुसतं बाळगणंही गुन्हा. आणि चालू गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.