एनईएफटी की आयएमपीएस: पैसे मध्येच कुठे थांबतात?

नाशिकरोडच्या एका बँकेत मी बावीस वर्षं काउंटरवर बसलो. द्राक्षांचा हंगाम लागला की एक प्रश्न रोज यायचा: "साहेब, व्यापारी म्हणतो सकाळीच पैसे टाकले, मग खात्यात का दिसत नाहीत?" कशाने टाकले असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "ऑनलाइन टाकले." पण ॲपमध्ये एनईएफटी आणि आयएमपीएस या पैसे पाठवायच्या दोन पद्धती शेजारी-शेजारी दिसत असल्या, तरी दोन्हींची वाट वेगळी आहे.

एनईएफटी रिझर्व्ह बँक चालवते, २००५पासून. यात पैसे एकेकटे जात नाहीत. दर अर्ध्या तासाला एक बॅच निघते, दिवसभरात ४८. तुम्ही ११ वाजून ५ मिनिटांनी पैसे पाठवले, तर ते साडेअकराच्या बॅचमध्ये जातात. आधी बँकांचा आपसातला हिशेब मिटतो, मग समोरच्याच्या खात्यात रक्कम पडते. त्यासाठी त्याच्या बँकेला बॅचनंतर दोन तासांची मुदत असते. म्हणजे पिंपळगावच्या व्यापाऱ्याने अकराला पाठवलेले पैसे दीडला आले, तर कुणाचीच चूक नसते. १६ डिसेंबर २०१९पासून एनईएफटी रात्री आणि सुट्टीच्या दिवशीही चालते, हे अजून बऱ्याच जणांना माहीत नाही. रविवारी पैसे जात नाहीत म्हणून सोमवारपर्यंत थांबणारे लोक मला आजही भेटतात.

आयएमपीएस एनपीसीआयची, म्हणजे यूपीआय चालवणाऱ्या संस्थेची. ती २०१०मध्ये आली, आणि तिथे क्रम उलटा आहे. समोरच्याच्या खात्यात रक्कम आधी पडते, बँका आपसातला हिशेब नंतर मिटवतात. काही सेकंदांत मेसेज येतो तो यामुळे. एका वेळी ५ लाखांपर्यंतच पाठवता येतात, काही बँका त्याहून कमी मर्यादा ठेवतात. एनईएफटीला रिझर्व्ह बँकेची वरची मर्यादा नाही.

खर्चाचं थोडक्यात. बचत खात्यातून ऑनलाइन एनईएफटी केली तर जानेवारी २०२०पासून शुल्क नाही. शाखेत जाऊन फॉर्म भरला तर १० हजारांपर्यंत जास्तीत जास्त अडीच रुपये, २ लाखांच्या वर २५ रुपये, अधिक जीएसटी. आयएमपीएसचं शुल्क प्रत्येक बँक स्वतः ठरवते, म्हणून पाठवण्याआधी ॲपवरची रक्कम बघून घ्या.

पैसे अडकले तर पहिली गोष्ट नंबर. एनईएफटीचा यूटीआर, म्हणजे व्यवहाराचा नंबर, १६ अक्षर-अंकांचा असतो, आयएमपीएसचा संदर्भ क्रमांक १२ अंकी. तो हातात नसेल तर काउंटरवरचा माणूस फारसं काही करू शकत नाही. आयएमपीएसमध्ये तुमच्या खात्यातून कापले आणि समोर पडले नाहीत, तर दुसऱ्या दिवसापर्यंत परत यायला हवेत. उशीर झाला तर रोज १०० रुपये भरपाई मिळते. एनईएफटीत उशीर झाला तर रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो) अधिक २ टक्के या दराने व्याज. हे मागावं लागत नाही, बँकेने आपणहून द्यायचं असतं. तरीही मागा.

आता मला काळजी वाटते ती गोष्ट. सातपूर-अंबड भागातली काही कामगार मुलं ऑनलाइन कसिनोच्या लिंकवर पैसे टाकायची. तिथे "आयएमपीएस करा, लगेच जमा" असं सांगतात, आणि खातं कसिनोच्या नावाचं नसून कुणा अनोळखी माणसाचं असतं. ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने मंजूर केलेल्या कायद्यात पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना, आणि त्यांच्यासाठी बँकांनी पैसे पुढे पाठवायलाही मनाई आहे. म्हणून ती माणसं भाड्याची खाती वापरतात. आयएमपीएसचा वेग इथे घात करतो: पैसे काही सेकंदांत पडतात आणि लगेच पुढच्या खात्यात सरकतात. जिंकलेले पैसे काढायला गेलं की कागदपत्रं मागतात, आणखी भरणा मागतात. जो मुलगा चार पैशांसाठी स्वतःचं खातं वापरायला देतो, त्याचं खातं पोलिसांच्या सांगण्यावरून गोठवलं जातं, आणि त्याचा पगारही त्यातच अडकतो.

पैसे फसवणुकीत गेले असतील तर बँकेत यायच्या आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, आणि तो १२ अंकी नंबर हाताशी ठेवा. रक्कम कुठल्या तरी खात्यात पडून असेल तोवरच ती रोखता येते.