वैद्यकीय शिक्षणातील आरोग्य-समता व पैरवी

आजारपणाचे आणि अकाली मृत्यूचे ओझे देशादेशांत, तसेच एकाच शहरातल्या दोन वस्त्यांत, इतके असमान का असते हे वैद्यकीय विद्यार्थ्यांना शिकवणाऱ्या आणि ती विषमता कमी व्हावी म्हणून धोरण, कायदा व अर्थसंकल्प यांबाबत पाठपुरावा करण्यास त्यांना तयार करणाऱ्या अध्यापनाला आरोग्य-समता व पैरवीचे शिक्षण म्हणता येईल. सर्वांना सारखे देणे ही समानता आणि ज्याची गरज मोठी त्याला अधिक मिळणे ही समता, हा भेद या विषयाचा पाया आहे.

जर्मन वैद्य रूडॉल्फ फिरखो यांनी १८४८ मध्ये तेव्हाच्या प्रशियातील अप्पर सायलीशिया या गरीब प्रांतातील टायफस या उवांमार्फत पसरणाऱ्या तापाच्या साथीवर लोकशाही, शिक्षण आणि जनतेची सुस्थिती हे उपाय सुचवले होते. भारतात आरोग्यव्यवस्थेची आखणी करण्यासाठी नेमलेल्या भोर समितीने १९४६ मध्ये ‘सामाजिक वैद्य’ घडवण्याची अपेक्षा मांडली. ती पुढे बहुतांशी पीएसएम (प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्र) या विषयाच्या तासांपुरती उरली.

पुण्यात या विषयाची सामग्री हाताशी आहे. क्षयरोगाच्या रुग्णाला सरकारी रुग्णालयात औषधे मोफत मिळतात, पण बुडालेली मजुरी, कोंदट खोली आणि अपुरा आहार यांमुळे उपचार अर्धवट सुटू शकतात. म्हणून २०१८ पासून पोषणासाठी दरमहा ५०० रुपये आणि २०२४ पासून १,००० रुपये देण्याची योजना आहे, आणि ते पैसे आपल्या रुग्णाच्या खात्यात पोहोचले का, हे पाहणे हा विद्यार्थ्यासाठी पैरवीचा पहिला धडा ठरू शकतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉक्टर बानू कोयाजी यांनी शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक परिसरात गावातल्याच लोकांना आरोग्यसेवक म्हणून तयार केले; कोयाजी यांना १९९३ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

जागतिक बाजूही याच शहरात दिसते. सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेली मेंदूज्वराची (मेनिंजायटिसची) ‘मेनआफ्रिव्हॅक’ लस २०१० मध्ये बुर्किना फासोपासून आफ्रिकेत वापरात आली. तिची किंमत मात्रेला अर्ध्या डॉलरहून कमी होती, कारण किंमत परवडण्याजोगी असावी हे आधी ठरवून मग लस घडवली गेली. याउलट २०२१ मध्ये, देशात दुसरी लाट उसळल्यावर, पुण्यातून होणारी कोविड लसीची निर्यात थांबली आणि तिच्यावर विसंबलेल्या गरीब देशांना वाट पाहावी लागली. त्याआधी, ऑक्टोबर २०२० मध्ये, भारत आणि दक्षिण आफ्रिका यांनी कोविडच्या लसी व औषधे इतरांनाही बनवता यावीत म्हणून जागतिक व्यापार संघटनेकडे पेटंटसारख्या बौद्धिक संपदेच्या नियमांत सवलत मागितली होती. ही तिन्ही उदाहरणे एकत्र शिकवावीत, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. एकेकटे उदाहरण एकतर अभिमान देते, नाहीतर खंत.

एमबीबीएसच्या २०१९ पासूनच्या क्षमताधिष्ठित (काय करता येते यावर भर देणाऱ्या) अभ्यासक्रमात वृत्ती, नीती व संवाद यांना जागा मिळाली आणि त्यानंतर प्रत्येक विद्यार्थ्याने काही कुटुंबे दत्तक घेऊन त्यांच्याकडे वर्षानुवर्षे जाण्याची पद्धत आली. भेटीत नुसते रक्तदाब व वजन नोंदवले गेले, तर समतेचा प्रश्न घराबाहेरच राहतो. महाराष्ट्रात २००७ पासून पुण्यासह पाच जिल्ह्यांत आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली, आणि तिच्या जनसुनवाईत गावकरी बंद उपकेंद्राविषयी वा औषधांच्या तुटवड्याविषयी अधिकाऱ्यांना समोरासमोर विचारतात. तिथे श्रोता म्हणून बसलेल्या इंटर्नला, आपण लिहून दिलेली चिठ्ठी गावात कुठे अडते, हे रुग्णाच्याच तोंडून कळते.