पट्टा मोठ्यांचा, पोट मुलाचं

सात-आठ वर्षांचं मूल गाडीच्या मागच्या सीटवर कसं बसतं ते एकदा नीट बघा. सीटची खोली मोठ्या माणसाच्या मांडीच्या मापाची असते. मुलाने पाठ टेकवली की गुडघे वाकत नाहीत, पाय समोर सरळ राहतात. हे फार वेळ सोसत नाही, म्हणून ते पुढे सरकतं. गुडघे काठाशी वाकतात, पण पाठीला पोक येतो आणि मांड्यांवरचा पट्टा हळूहळू पोटावर चढतो. वरचा पट्टा मानेला काचत असतो, तो मूल काखेखाली घेतं किंवा सरळ पाठीमागे टाकतं. पुढे बसलेल्या आईबाबांना पट्टा लावल्याचा 'टक्' आवाज आलेला असतो, त्यामुळे ते निर्धास्त असतात. यात मुलाचा वात्रटपणा काही नाही. ती सीट आणि तो पट्टा त्याच्या मापाचेच नाहीत.

आता थोडं गणित. ताशी ५० किलोमीटर वेगातली गाडी कशावर तरी आदळून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर २२ किलोच्या मुलाला थांबवायला सरासरी ३०० किलो वजनाइतका जोर लागतो. (मांडीवर घेऊन घट्ट धरून ठेवू म्हणणाऱ्यांनी हा आकडा पुन्हा वाचावा.) हा जोर पट्टा देतो. प्रश्न एवढाच, की तो शरीरात कुठे उतरतो.

तीन ठिकाणी अडकणारा आजचा पट्टा व्होल्वोचे अभियंते निल्स बोलिन यांनी १९५९ साली आणला. त्याची सगळी भिस्त हाडांवर आहे. वरचा पट्टा खांद्याच्या हाडावरून छातीवर येतो आणि खालचा कमरेच्या हाडाच्या पुढे आलेल्या दोन टोकांखाली, खुंटीला अडकावा तसा अडकतो. मोठ्या माणसाच्या कमरेला हात लावला तर ही टोकं सहज लागतात. मुलांमध्ये ती बोथट असतात. त्या हाडाची वरची कड वयात येईपर्यंत कूर्चेचीच, म्हणजे हाडापेक्षा मऊ असते. त्यामुळे जोराचा झटका बसला की पट्टा टोकांवरून निसटून पोटात घुसतो. मूल आधीच पोक काढून बसलेलं असेल तर निसटायचंही काम उरत नाही, पट्टा पोटावरच असतो. मग पट्टा आणि पाठीचा कणा यांच्यामध्ये आतडी, यकृत, प्लीहा चेपली जातात. वरचा पट्टा पाठीमागे टाकला असेल तर शरीर कमरेत दुमडतं आणि मणका आडवा फाटू शकतो. ब्रिटिश क्ष-किरणतज्ज्ञ जॉर्ज चान्स यांनी १९४८ मध्ये मणका मोडण्याच्या या प्रकाराचं वर्णन केलं, तेव्हा गाड्यांमध्ये पट्टे जवळजवळ नव्हतेच. पुढे फक्त कमरेचा पट्टा लावलेल्या प्रवाशांमध्ये तोच प्रकार दिसू लागला. म्हणून अपघातानंतर पोटावर पट्ट्याचा आडवा वळ दिसला, तर मूल हसतंखेळतं असलं तरी त्याला तातडीने रुग्णालयात नेऊन तपासून घ्यायला हवं.

बूस्टर सीट, म्हणजे गाडीच्या सीटवर ठेवायची मुलाची उंच बैठक, नेमकी इथे कामाला येते. खिडकीतून बाहेरचं दिसावं म्हणून ती घेतात असा पुष्कळांचा समज आहे. तिचं खरं काम पट्ट्याची वाट बदलणं. मूल उंच बसल्याने वरचा पट्टा मानेवरून खांद्याच्या मध्यावर येतो. बूस्टरची बैठक आखूड असल्याने पाठ टेकूनही गुडघे वाकतात. आणि दोन्ही बाजूंना जे छोटे हात असतात, त्यांच्याखालून खालचा पट्टा घेतला की तो मांड्यांच्या मुळाशी दाबून राहतो. घरची उशी किंवा लोड हे करू शकत नाही: उशी झटक्यात दबते, अंगाखालून सरकते आणि पट्टा धरून ठेवायला तिला हात नसतात.

पट्ट्यासोबत वापरायची पहिली बूस्टर व्होल्वोने १९७८ मध्ये आणली. तिचा उपयोग किती, हे फिलाडेल्फियाच्या बालरुग्णालयातल्या संशोधकांनी प्रत्यक्ष अपघातांवरून तपासलं. २००३ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार ४ ते ७ वर्षांच्या मुलांमध्ये, नुसत्या पट्ट्याच्या तुलनेत बूस्टर आणि पट्टा असताना इजेची शक्यता ५९ टक्क्यांनी कमी होती. त्यांच्या २००९ च्या अभ्यासात हा फायदा ४५ टक्के निघाला. आकडा खाली आला तरी तो लहान नाही.

आपल्याकडे मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने १४ वर्षांखालच्या मुलांसाठी तरतूद आली. मुलाला पट्टा किंवा मुलांसाठीची सीट, यांपैकी एकही नसेल तर एक हजार रुपये दंड. म्हणजे सहा वर्षांच्या मुलाला नुसता मोठ्यांचा पट्टा लावला तरी कायद्याचं समाधान होतं. युरोपीय संघाचा नियम उंची मोजतो, वय नाही: १५० सेंटिमीटरपर्यंत मुलांची सीट हवी, देशांना ही मर्यादा १३५ पर्यंत खाली आणता येते. माझ्या मते मोजपट्टीचा नियमच बरोबर, कारण हाडं वाढदिवसाप्रमाणे वाढत नाहीत. गाड्यांना सुरक्षेचे तारे देणाऱ्या, २०२३ मध्ये सुरू झालेल्या भारत एनकॅपमध्येही टक्कर-चाचणीला दीड आणि तीन वर्षांच्या मुलांच्या मापाचे पुतळे बसवतात. त्यामुळे गाडीला मुलांच्या सुरक्षेचे पाच तारे असले, तरी दुसरीतल्या मुलाबद्दल ते फारसं काही सांगत नाहीत.

बूस्टर घेताना पाठ असलेली घ्यावी. तिला वरचा पट्टा ओवायला जागा असते आणि लांबच्या प्रवासात मूल झोपलं तरी ते एका बाजूला कलंडून पट्ट्याबाहेर जात नाही. आयसोफिक्सचे, म्हणजे गाडीच्या सीटमधल्या कड्यांना अडकणारे हूक असले तर चांगलंच, पण ते बूस्टरला धरतात, मुलाला नाही. मुलासाठी पट्टा लावायचाच.

बूस्टर साधारण १४५ सेंटिमीटर उंचीपर्यंत लागते. ही उंची गाठली की तिच्याशिवाय बसवून बघा: पाठ पूर्ण टेकलेली, गुडघे सीटच्या काठाशी वाकलेले, खालचा पट्टा मांड्यांवर, वरचा खांद्यावर, आणि प्रवासभर असंच बसणं जमणारं. यातलं एकही जमत नसेल तर बूस्टर काढू नका. सीटची खोली प्रत्येक गाडीत वेगळी असते, त्यामुळे घरच्या गाडीत नीट बसणारी मुलगी मामाच्या गाडीत पुढे घसरू शकते. तिथे पुन्हा बघायचं.